तीन डोस घेऊनही कोविड झालाच, मग लसीनं केलं काय?

ती. आई व बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय दरवेळी अर्धाच राहतो. बाबांचा प्रश्न वेगळा, आईची भीती वेगळी, आणि दोन्हींची उत्तरं आकड्यांवाचून देता येत नाहीत. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बूस्टर घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी दोघांनी मिळून सावकाश वाचा.

बाबा, आधी तुमचा प्रश्न. तीन डोस झाले, तरी कोविड झाला, मग ते ‘९५ टक्के’ गेले कुठे? हा आकडा फायझरच्या लसीचा, २०२० सालच्या चाचणीतला. सुमारे ४३ हजार माणसं होती. निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डोसनंतर आठवडा उलटल्यावर मोजणी सुरू झाली. लक्षणांसह कोविड झालेले एकूण १७० जण निघाले. त्यांतले १६२ मिठाच्या पाण्याच्या गटातले आणि ८ लसीच्या गटातले. १६२ च्या जागी ८, म्हणजे आजार ९५ टक्क्यांनी कमी. लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच आजारी पडतात, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. पण बहुतेकांनी तो तसाच लावला, आणि पुढचा सगळा अपेक्षाभंग तिथूनच सुरू झाला.

या आकड्याला दोन मर्यादा होत्या. लोकांवर तोवर साधारण दोनच महिने लक्ष ठेवलं गेलं होतं, आणि विषाणू अजून जवळजवळ मूळ रूपातलाच होता. पुढे काळही गेला आणि विषाणूही बदलला.

काळाचं आधी सांगते. दंडात टोचलेल्या लसीमुळे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात ती मुख्यतः रक्तात. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर ती फार थोडी पोचतात. दुसऱ्या डोसनंतर काही आठवडे त्यांची पातळी सर्वांत वर असते, म्हणून तेव्हा साधा संसर्गही बऱ्यापैकी अडतो. मग काही महिन्यांत ती उतरते, आणि हे बहुतेक लसींत होतं. मागे उरतात स्मृतिपेशी. त्यांतल्या काही पुन्हा प्रतिपिंडं बनवतात, काही विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतात. त्यांना जागं होऊन कामाला लागायला काही दिवस लागतात, आणि ओमायक्रॉनसारखा विषाणू नाकाघशात दोन-तीन दिवसांतच पसरतो. म्हणून नाक वाहतं, घसा दुखतो, ताप येतो, चाचणी पॉझिटिव्ह येते. पण फुप्फुसांचं खरं नुकसान व्हायला सहसा आठवडाभर लागतो आणि तोवर स्मृतिपेशी तिथे पोचलेल्या असतात. नाक हातचं जातं, फुप्फुसं राहतात. तुमच्या बाबतीत लसीनं काय केलं, याचं उत्तर बहुतेक हेच आहे.

विषाणूचं म्हणाल तर, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओमायक्रॉनच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनात तीसहून जास्त बदल होते. लसीनं शरीराला ओळख करून दिली होती ती याच प्रथिनाची. त्यामुळे जुनी प्रतिपिंडं त्याला नीट चिकटेनात. मारक पेशी मात्र प्रथिनाचे छोटे छोटे तुकडे ओळखतात आणि त्यांतले बरेचसे तुकडे बदलले नव्हते. साध्या आजारापासूनचं संरक्षण धडाधड घसरलं, तरी इस्पितळात जाण्यापासूनचं आणि मृत्यूपासूनचं बरंच टिकून राहिलं ते या कारणानं.

‘इस्पितळात भरती झालेले बहुतेक लस घेतलेलेच होते’ हे तुम्ही वाचलंत, त्याचं गणित कागदावर मांडून पाहा. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. हजार वयस्कर माणसं धरा. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. लस नसलेल्यांपैकी दहा टक्के भरती होतात असं समजू, म्हणजे ५ जण. लसीनं हा धोका ८० टक्क्यांनी घटवला, तर लस घेतलेल्यांत तो दोन टक्के उरतो. ९५० चे दोन टक्के १९. वॉर्डात २४ रुग्ण, त्यांतले १९ लस घेतलेले! बातमी खोटी नाही, पण त्याच ९५० जणांनी लस घेतली नसती तर १९ च्या ठिकाणी ९५ जण आले असते. अशी बातमी दिसली की आधी विचारा, की एकूण लोकांपैकी लस घेतलेले किती होते? ते कळल्याशिवाय वॉर्डातल्या आकड्याला अर्थ नाही.

खऱ्या जगातला एक अंदाज सांगते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी लसीकरणाच्या पहिल्या वर्षाचं गणित २०२२ मध्ये मांडलं. नोंदलेल्या कोविड मृत्यूंच्या आधारे १ कोटी ४४ लाख जीव वाचले, आणि न नोंदलेले जादा मृत्यूही धरले तर १ कोटी ९८ लाख. ही मॉडेलवरची मोजणी आहे, माणसं एकेक करून मोजलेली नाहीत. पण आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी कोटींतच राहतो.

आता आई, तुझी भीती. रक्ताच्या गुठळ्या. ती बातमी खरी आहे, त्यामुळे ‘काही नसतं गं’ म्हणून मी ती झटकणार नाही. ऑक्सफर्ड–अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर (कोव्हिशील्ड म्हणजे तीच) फार थोड्या लोकांत हा प्रकार होतो. साधारण लाखात एक-दोन, आणि जास्त करून पहिल्या डोसनंतर. त्यात शरीर रक्तातल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात, आणि प्लेटलेट त्यातच खर्ची पडल्यानं त्यांची संख्या घसरते. गुठळी आणि कमी प्लेटलेट ही जोडी हीच याची खूण. २०२४ मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांवरून पुन्हा गाजावाजा झाला, तेव्हा हे नव्यानं उघडकीला आल्यासारखं वाटलं. पण औषध नियामकांनी ते २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं, आणि अनेक देशांनी तेव्हापासून तरुणांना ही लस देणं थांबवलं होतं.

तुझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. हा त्रास डोसनंतर साधारण चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत दिसतो. तुझे डोस घेऊन वर्षं लोटली. ‘लस अंगात आहे, केव्हाही गुठळी करेल’ असं होत नाही. लसीतला मालमसाला तेव्हाच नाहीसा झाला, मागे राहिली ती फक्त ओळख. उलट कोविडच्या आजारात गुठळ्या होतात त्या यापेक्षा कितीतरी अधिक वेळा, हेही तराजूत घाल.

ही लस २०२४ मध्ये कंपनीनं बाजारातून काढून घेतली. ती दिली जात होती तेव्हा या लक्षणांवर लक्ष ठेवायला सांगत: न थांबणारं, आडवं झाल्यावर वाढणारं डोकं दुखणं, अंधुक दिसणं, धाप, छातीत दुखणं, एकच पाय सुजणं, पोटात सतत दुखणं, सुई टोचली ती जागा सोडून दुसरीकडे बारीक लाल-जांभळे ठिपके. यांतलं काहीही चार दिवसांनंतर दिसलं तर त्याच दिवशी प्लेटलेटची तपासणी, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी लसीची तारीख त्यांना सांगायची. कारण गुठळीवर नेहमी देतात ते हेपॅरिन यात टाळतात.

फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत हा प्रकार नाही. त्यांचा दुर्मीळ त्रास म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज, तोही मुख्यतः तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याच्या आत. तुमच्या वयात हा प्रश्न अगदीच किरकोळ.

मग बूस्टर कशाला? वय वाढलं की स्मृतिपेशी कमी बनतात आणि हळू जाग्या होतात. जोडीला मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर वेळ आणखी हातची जाते. जागतिक आरोग्य संघटना वयस्करांना शेवटच्या डोसनंतर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा डोस घ्यायला सांगते. निरोगी तरुणांबाबत तिचा तसा आग्रह नाही, आणि मला हा फरक योग्य वाटतो. लसही मधूनमधून बदलते: २०२३ मध्ये विषाणूच्या एक्सबीबी.१.५ या प्रकारासाठी, २०२४ मध्ये जेएन.१ या प्रकारासाठी. सुधारलेली मिळाली तर तीच घ्या. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर तीन महिने थांबलं तरी चालतं.

टोचायला जाल तेव्हा अर्ध्या बाहीचा, सैल सदरा घाला. कॉलर खाली ओढून टोचलं की सुई हमखास वर जाते, आणि ती खांद्याच्या सांध्यालगत गेली तर महिनोन्‌महिने हात वर होत नाही. जागा म्हणजे खांद्याचं हाड हाताला लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या फुगीर भागाच्या मधोमध. हात सैल सोडा, आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. सुई सरळ काटकोनात जाते. नंतर चोळू नका.

बाबा, तुमची रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) ताजा आणि ठरलेल्या मर्यादेत हवा, बारीक सुई वापरायला सांगा, आणि टोचल्यावर न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरा. तरीही काळंनिळं झालं तर आठवड्याभरात जातं. आई, तुला पूर्वी इंजेक्शनची जोरदार अ‍ॅलर्जी आली होती ते टोचण्याआधी सांग आणि नंतर पूर्ण ३० मिनिटं तिथेच बस. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे पाचेक जणांनाच होते, पण झाली तर बहुधा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तिचं औषध त्या खोलीत असतं, घरी नसतं. फ्लूची लस त्याच दिवशी घ्यायची असेल तर दुसऱ्या दंडात घ्या, म्हणजे कुठला हात कशानं दुखतोय ते कळेल.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कणकण, अंगदुखी, दंड जड होणं हे चालायचंच. एक-दोन दिवसांत ओसरतं. पॅरासिटामॉल टोचण्याआधीच घेऊन ठेवू नका. त्रास झाला तरच ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्या सोबत घेतल्या की नकळत दुप्पट जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या बाबांनी अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्या बाजूच्या काखेत गाठ लागली तर घाबरू नकोस, आई, लसीला दिलेलं ते उत्तर आहे. काही आठवड्यांत जाते. मात्र त्या काळात मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) असेल तर कोणत्या हाताला लस घेतली ते तिथे सांग, आणि सहा आठवड्यांनंतरही गाठ राहिली तर दाखव. आणि काहीच त्रास झाला नाही तर लस ‘लागली नाही’ असं समजू नका. चाचण्यांतही अनेकांना ताप आला नव्हता आणि संरक्षण मिळालं होतं.

बाबा, अँटिबॉडीची तपासणी करून मग ठरवू म्हणता, त्यावर पैसे घालवू नका. कितीच्या वर सुरक्षित, अशी सर्वमान्य रेघ नाही, आणि स्मृतिपेशी त्या तपासणीत दिसतच नाहीत.

बूस्टर घेऊनही लक्षणं आली तर पहिल्याच दिवशी चाचणी करा. निरमॅट्रेलव्हिर-रिटोनॅव्हिर हे कोविडवरचं औषध पाच दिवसांच्या आत सुरू केलं तरच उपयोगी, आणि ते कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी भांडतं, म्हणून तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसा, बोट गरम करा, नेलपॉलिश काढा. आकडा ९४ च्या खाली राहिला तर सकाळची वाट पाहू नका.

लसीच्या कार्डावर नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि कुठला हात, चारही भरून घ्या. आई, ज्या इंजेक्शननं तुला त्रास झाला होता त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून कार्डाला टाचून ठेव. बाबा, आयएनआरचा रिपोर्ट आला की मला आकडा कळवा, मग दिवस ठरवू. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून तुमच्याजवळ राहीन.

तुमची,
लेक