सप्तस्वरांवर टकटक नको: आंध्र प्रदेशच्या पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री, आंध्र प्रदेश शासन
यांस सप्रेम नमस्कार.

या पत्राची तेलुगू प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितोय, कारण तक्रार आमच्याच माणसांविरुद्ध आहे: बेलम गुहांतल्या सप्तस्वरांच्या दालनातले चुनखडीचे स्तंभ आम्ही ठोकून वाजवतो. पहिला आरोपी मीच.

मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरच्या मुद्दनूरला उतरायचं, गंडीकोटाला पेन्ना नदीच्या दरीकाठी तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून बेलम गुहा गाठायच्या, हा आता पुण्या-मुंबईच्या भटक्यांचा ठरलेला बेत झालाय. आम्हीही तेच केलं. रात्री तंबूत कुडकुडलो आणि सकाळी गुहेत घामाने निथळलो! आत बाहेरची हवा सोडावी लागते, इतकं दमट.

ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली. पुढे १९८२-८३ मध्ये जर्मन गुहासंशोधकांनी त्या मोजल्या. लांबी ३,२२९ मीटर. त्यातला निम्म्याहून कमी भाग आपण बघतो आणि त्यातच दमतो. पाताळगंगा या गुहेतल्या झऱ्यापाशी तर आमच्यातले बडबडेही गप्प झाले.

पण सप्तस्वरांच्या दालनात पोचलो आणि सगळ्यांचे हात शिवशिवले. चुनखडीच्या त्या लोंबत्या स्तंभांवर बोटाच्या पेराने ठोकलं की धातूसारखा नाद येतो. एकाने वाजवलं, मग दुसऱ्याने, मग मागच्या गटातल्या काकांनी थेट चावीने. मीही दोनदा वाजवलं. गाइडचा दोष नाही. "दादा, वाजवून दाखवा ना" असा लकडा आम्हीच लावला होता.

असा स्तंभ शंभर वर्षांत जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. ओल असेल तर. हाताचं तेल एकदा लागलं की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. म्हणजे माझ्या दोन टकटकींचा हिशोब माझी पणतवंडंही चुकता करू शकणार नाहीत.

साहेब, दालन बंद करू नका. त्या नादाचं एकदाच उत्तम ध्वनिमुद्रण करून घ्या आणि प्रत्येक गाइडच्या हाती छोटा स्पीकर द्या. दालनातले दिवे मालवून ऐकवलं तर लोक ठोकाठोक विसरतील. स्तंभांपुढे हात पोचणार नाही इतक्या अंतरावर कठडा हवा, आणि "हात लावू नका" ही पाटी तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड, तमिळमध्येही. आमच्याकडे इंग्रजी पाटी फक्त फोटोपुरती वाचतात.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतोय. कठडा नसला तरी हात खिशात ठेवीन.

आपला,
एक तंबूवाला, पुणे