नांगराचा दोर भरतीला मोजा

संपादक महोदय,

तलावात शीड हाताळायला शिकलेल्या नागपूरकराला वारा कळतो, पण भरती-ओहोटीची ओढ ठाऊक नसते. मुंबईजवळ उधाणाला पाणी ४-५ मीटर चढते, त्यातले जवळपास निम्मे मधल्या दोन तासांत. त्या वेळी एकट्याने नांगर टाकायला जाऊच नये. ओढीकडे तोंड करून यावे. होडी थांबून मागे सरू लागली की नांगर सोडावा. समजा, ओहोटीची खोली ३ मीटर, भरतीचा चढ ४, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची १, एकूण ८. दोर पाचपट, म्हणजे ४० मीटर. ओहोटीच्या पाण्यावर हिशेब करून २० मीटरच सोडला तर भरतीत नांगर वर खेचला जाऊन निसटतो. नांगर सरकला का ते कळावे म्हणून किनाऱ्यावरच्या एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणा हेरून ठेवाव्यात आणि ओढ उलटल्यावर त्या पुन्हा तपासाव्यात, कारण नांगर बहुधा तेव्हाच उखडतो.

— एक वाचक, नागपूर