वेदनेचा रेणू काल सापडलेला नाही

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीतला, सबस्टन्स पी या नसांमधल्या रेणूवरचा ‘वेदनेचा रेणू सापडला’ हा लेख वाचला. खरं तर वाचून सोडून दिला असता, पण दुसऱ्याच दिवशी माझ्यासारखाच नागीण होऊन गेलेल्या एका ओळखीच्यांचा फोन आला की ती सबस्टन्स पी बंद करणारी गोळी कुठे मिळते रे, तू बघ ना जरा. त्यांना काय सांगायचं ते मलाच कळेना, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, सबस्टन्स पी आत्ता सापडलेला नाही. 1931 साली उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना तो घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात मिळाला, आणि त्यातला ‘पी’ इंग्रजी पेन म्हणजे दुखणं यातला तर अजिबातच नाही, वाळवलेल्या अर्कासाठी वहीत वापरलेलं अक्षर आहे ते. तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच की याने आतडं आकसतं आणि बीपी उतरतं, दुखण्याचा विषयच नव्हता. संवेदनेच्या नसांशी त्याचं नातं असावं हे फ्रेड लेम्बेकने 1953 मध्ये मांडलं आणि 11 अमिनो आम्लांची ही साखळी नक्की कशी आहे ते कळायला 1971 उजाडलं.

दुसरं म्हणजे लेखात सगळं मेंदूवर ढकललंय. मला नागीण झाली तेव्हा पट्टा बरोबर एकाच बाजूला, छातीपासून पाठीपर्यंत, मधली रेघ ओलांडून पलीकडे एक फोड नाही. डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याशेजारी नसांच्या पेशींची एक छोटी गाठ असते, व्हायरस त्या एका गाठीत लपून बसलेला असतो. याच पेशींमध्ये सबस्टन्स पीसारखे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे निरोपे रेणू, तयार होतात, बारीक पुड्यांमध्ये भरले जातात आणि नसेतून दोन्ही टोकांना जातात, एक टोक कातडीत आणि दुसरं मज्जारज्जूत. गंमत म्हणजे ते सुटतातही दोन्हीकडे. कातडीत सुटले की रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल होते, सुजते, म्हणजे नस नुसती तक्रार वर पोचवत नाही तर जागेवरही गोंधळ घालते. आणि मज्जारज्जूत, मागच्या बाजूच्या वरच्या थरांमध्ये, चटकन निरोप द्यायचं काम ग्लुटामेट हे वेगळं रसायन करतं, पेप्टाइड मात्र नस जोरात आणि सारखी पेटली की सुटतात, सावकाश पसरतात आणि बराच वेळ रेंगाळतात, त्यामुळे पुढच्या पेशी हळव्या होऊन बसतात. फोड वाळून गेल्यावरही मला बनियन अंगाला लागला तरी भाजल्यासारखं व्हायचं, मी घरात शर्ट पुढे चिमटीत धरून फिरायचो. ते सगळं एकट्या सबस्टन्स पीने केलं असं नाही, पण दुखणं वाढवण्या-कमी करण्याची बटणं मज्जारज्जूतही आहेत हे तरी लेखात यायला हवं होतं. कमी करणारी सुद्धा, बरं का. एन्केफॅलिन हे शरीराचं स्वतःचं पेप्टाइड ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी 1975 मध्ये दाखवलं, ते तिथेच दुखणं दाबतं आणि मॉर्फिनही तिथे काम करतं. त्याचं लेखात नावसुद्धा नाही.

आता मुख्य तक्रार. ‘हा रेणू रोखला की वेदना संपणार’ असं छापलंय. अहो, ते करून झालंय! सबस्टन्स पी ज्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूला, चिकटतो तो एनके1 बंद करणारी औषधं प्राण्यांमध्ये छान चालली, माणसांच्या दुखण्यावर मात्र सपशेल आपटली. त्यातलंच ॲप्रेपिटंट 2003 पासून वापरात आहे, पण किमोथेरपीतल्या उलट्यांसाठी, दुखण्यासाठी नाही. उलट त्याच नसांमधला दुसरा पेप्टाइड, सीजीआरपी, 37 अमिनो आम्लांचा, त्याला रोखून मायग्रेन कमी होतो हे सिद्ध झालं आणि 2018 मध्ये एरेनुमॅब हे इंजेक्शन मंजूर झालं. तेही मायग्रेनसाठी, जिथे नस चेहऱ्या-डोक्याची असते, नागिणीसाठी नव्हे. म्हणजे एक रेणू एक दुखणं असा हिशोब इथे लागत नाही, आणि खरी बातमी मला तरी तीच वाटते.

चौकटीत कॅप्सेसिनच्या, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या, मलमाबद्दल जे लिहिलंय ते जुनं झालंय. ते सबस्टन्स पी संपवतं म्हणून गुण येतो असं आधी म्हणायचे. आता असं मानतात की कातडीतली नसांची टोकंच काही काळ निकामी होऊन मागे सरकतात. (मी लावलंय ते. पहिल्या दिवशी लावून नीट हात न धुता डोळा चोळला, पुढचं सांगत नाही.) तिखटाची ही कळ ज्या रिसेप्टरमुळे लागते तो डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने 1997 मध्ये शोधला, 2021 च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता, हे लिहिलं असतं तर वाचायला मजा आली असती.

माझी विनंती एवढीच की हेडिंगची दुरुस्ती छापा, आणि यापुढे अशा लेखात प्रयोग उंदरावर झाला की माणसावर हे पहिल्या चार ओळींत येऊ द्या. त्या ओळखीच्यांना मी सांगितलंय की गोळी नाहीये. ते म्हणाले, अरे पण पेपरात आलंय ना.

आपला,
एक नियमित वाचक