कुलूपबंद क्वार्टर्स आणि भाड्याचं घर शोधणारी जवानांची कुटुंबं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात सैन्याची किती मोठी वस्ती आहे ते तुमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. सदर्न कमांडचं हेडक्वार्टर इथं, पुणे, खडकी, देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट, शिवाय लोहगाव, खडकवासला, दापोडी. तरीपण पोस्टिंगवर फॅमिली घेऊन आलेल्या जवानाला आधी सिव्हिलमध्ये, म्हणजे सैन्याच्या वसाहतीबाहेर, भाड्याचं घर बघावं लागतं कारण सरकारी क्वार्टरला वेटिंग असतं, आणि त्याच वेळी वसाहतीत कुलूप लावलेली क्वार्टर्स नुसती पडून असतात. मी स्वतः हवालदाराची बायको आहे, हे रोज बघून जीव जळतो म्हणून लिहितेय.

क्वार्टर नाही मिळालं तर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता मिळतो, मान्य. पण हिशोब करा ना, हवालदाराचा सुरुवातीचा मूळ पगार २९,२०० धरला तर पुण्यासारख्या एक्स वर्गातल्या, म्हणजे या भत्त्यासाठी सगळ्यात वरच्या गटातल्या शहरात ३० टक्क्यांनी ८,७६० रुपये होतात. एवढ्यात फुरसुंगी, मांजरी, लोहगावकडे बरं वन बीएचके मिळतं का बघा, वर डिपॉझिट, ब्रोकर, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. मिस्टर फील्डला, म्हणजे जिथं फॅमिली नेता येत नाही अशा पोस्टिंगला गेले की मालक विचारणार घरात पुरुष माणूस कोण राहणार. मुलांची शाळा वानवडीला आणि घर फुरसुंगीला, म्हणजे पोरं सकाळी सहाला रस्त्यावर. सासूबाईंना सैन्याच्या कमांड हॉस्पिटलला दाखवायचं तर सगळा दिवस गेला. वसाहतीत असलं की निदान शेजारी सगळ्या आपल्यासारख्याच असतात, रात्री अपरात्री दार वाजवता येतं, ते सिव्हिलमध्ये कुठून आणायचं!

आणि ही क्वार्टर्स रिकामी राहतात कशी ते पण सांगते. एक फॅमिली बदलीवर जाते, मार्चिंग आऊट, म्हणजे घर रीतसर सोडणं होतं, सामानाची लिस्ट टॅली होते, चावी जमा. मग दुरुस्तीची यादी बनते, त्यासाठी मंजुरी, फंड, ठेकेदार, आणि यातलं एक जरी अडकलं की घर बंदच. बंद घराचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. माझ्या मैत्रिणीच्या वरचं क्वार्टर असंच बंद होतं, आत टाकीचा बॉलकॉक खराब झालेला, पाणी वाहून वाहून खाली तिच्या ओट्यावर ठिबकायचं, भिंतीला बुरशी, डब्यातलं पीठ सुद्धा ओलं. वरच्या घराची चावी कुणाकडे हेच कळेना, कंप्लेंट देऊन दमली बिचारी. शेवटी दार उघडलं तेव्हा आतले नळ गायब, वायरिंग ओढून नेलेलं आणि गच्चीच्या कठड्यात पिंपळ हातभर वाढलेला. म्हणजे जे काम सुरुवातीला एका बॉलकॉकचं होतं ते आता अख्ख्या घराचं झालं, आणि अशाच घरावर पुढे 'राहण्यास अयोग्य' असा शिक्का बसतो.

नवीन घरांसाठी २००२ पासून मॅरीड अकोमोडेशन प्रोजेक्ट, म्हणजे फौजींच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची सरकारी योजना चालू आहे, टप्प्याटप्प्यानं जवळपास २ लाख घरं बांधायची ठरली होती, चांगली गोष्ट आहे, त्यातून भरपूर कुटुंबांना घरं मिळालीत पण. पण नवीन बांधताना जुनं उभं आहे ते सडू द्यायचं का? रिकाम्या घराचा खर्च पण सरकारचा आणि बाहेर राहणाऱ्याचा एचआरए पण सरकारचाच.

कुणी कुणी म्हणतं एवढी मोक्याची जमीन पडून आहे, विकून टाका. मला हे अजिबात पटत नाही. ब्रिटनने तेच केलं होतं. १९९६ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने फौजींची ५७ हजारांवर घरं एका खासगी कंपनीला साधारण १.६६ अब्ज पौंडाला दिली, आणि नंतर तीच घरं भाड्याने घेऊन बसले, त्यातल्या रिकाम्या घरांचं पण भाडं भरत राहिले. २०२५ च्या जानेवारीत त्यातलीच ३६ हजारांवर घरं परत घेतली ती साधारण ६ अब्ज पौंडाला! एवढ्या वर्षांत तिथल्या फौजी बायकांच्या ओल, बुरशी, बंद हीटिंगच्या तक्रारी काही संपल्या नाहीत. आपल्याकडे जमीन अजून सरकारचीच आहे हे आपलं नशीब म्हणायचं, ती हातची घालवू नका.

मागणी फार मोठी नाहीये. घर रिकामं होणार हे पोस्टिंग ऑर्डर निघते तेव्हाच कळतं, मग दुरुस्तीचा अंदाज तेव्हाच काढा ना, चावी जमा व्हायची वाट कशाला बघायची. रिकाम्या घराचं पाणी, लाईट बंद करून महिन्यातून एकदा तरी कुणी आत जाऊन बघावं. थोड्या कामात दुरुस्त होणारी घरं आधी हातात घ्या, त्यातली काही ज्यांचे नवरे फील्डला आहेत त्या बायकांना द्या. आणि पुण्याच्या खासदारांनी संसदेत एवढं विचारावं की पुणे, खडकी, देहूरोड मिळून जवानांची क्वार्टर्स किती, त्यातली बंद किती, कधीपासून बंद, आणि तेवढ्या काळात एचआरएवर किती पैसा गेला.

आपली,
एका हवालदाराची पत्नी, पुणे