सायकलला नवा ट्रॅक नको, आहे त्या रस्त्याची साईडपट्टी भरून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, ड्रेस आणि ब्लाऊज शिवायचं काम करते, वय त्रेपन्न. दिवसभर मशीनवर बसून गुडघे धरायला लागले म्हणून सहा वर्षांपूर्वी भाचीची जुनी सायकल घेतली आणि आता दर रविवारी पहाटे आम्ही चौघीजणी बाहेर पडतो. रेस नाही, स्पीड नाही, कुणाला काही करून दाखवायचं नाही. रमत गमत जायचं, चहा प्यायचा, काहीतरी बघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. पत्र लिहायचं कारण असं की सायकल म्हटलं की आपल्याकडं लगेच शहरात ट्रॅक करायची चर्चा चालू होते, पण आपल्या दारातनं सायकलसाठी इतका सुंदर रस्ता जातोय त्याच्याकडं कुणाचं लक्षच नाही, आणि तो दरवर्षी थोडा थोडा खराब होत चाललाय.

मी म्हणते तो रस्ता म्हंजे सांगली, कर्नाळ, नांद्रे, वसगडे, भिलवडी, पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल आणि पुढं देवराष्ट्रे. रोजचाच रस्ता आहे, एसटीनं शंभर वेळा गेलेला. पण एसटीच्या खिडकीतनं काहीच कळत नाही हो. सायकलवर कळतं की कृष्णाकाठचं गाव कुठं संपतं आणि माळ कुठं चालू होतो, माती काळीची तांबूस कधी होते, उसाचा पट्टा जाऊन द्राक्षाचे मांडव कधी लागतात. वसगड्याजवळ येरळा ओलांडताना थंडीत नदीवर धुकं असतं, आम्ही तिथं थांबतोच, न बोलता पाच मिनिटं. तिथनं जवळच ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते, आणि २०१९ च्या महापुरात तिथं नाव उलटून जी माणसं गेली त्यांची आठवण त्या बाजूला बघितलं की येतेच. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ही सगळी शेतं पाण्याखाली होती, आज तिथंच हिरवागार ऊस उभा आहे.

भिलवडीत घाटावर उतरलं की पलीकडं औदुंबर दिसतं. नाव चालू असेल तर सायकली नावेत घालून जायचं, नाहीतर अंकलखोपच्या पुलावरनं. नृसिंह सरस्वतींनी चातुर्मास केलेलं ते ठिकाण, देऊळ साधंच आहे पण त्या झाडांच्या सावलीत बसलं की उठावंसं वाटत नाही, आणि अलीकडच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ. दर संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, मोठ्या शहरातलं नाही, गावातलं, कितीतरी वर्षं. एवढं सगळं एका वळणावर आहे आणि मेन रोडवर नीट पाटी नाही, पहिल्यांदा जाताना आम्ही दोनदा चुकलो.

आता किर्लोस्करवाडी. ह्या गावाशी सायकलचं जुनं नातं आहे, हे माझ्या भाचीला माहीत नव्हतं आणि बऱ्याच जणांना नसावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात जे पहिलं दुकान काढलं ते सायकलींचं होतं. लोखंडी नांगर वगैरे सगळं नंतरचं. मग १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, त्यांना जागा दिली ती इथली, कुंडल रोड स्टेशनजवळची, तेव्हा नुसता माळ, निवडुंग आणि साप. त्या माळावर कारखाना आणि गाव उभं राहिलं आणि स्टेशनचं नावसुद्धा बदललं. ज्या माणसानं सायकली विकून सुरुवात केली त्याच्या गावातनं आपण सायकलवर जातोय ही गोष्ट मला फार भारी वाटते. स्टेशनजवळ साधा एक बोर्ड लावून एवढं जरी लिहिलं तरी येणारा जाणारा पोरगा थांबून वाचेल.

आणि कुंडल. कुंडलबद्दल किती लिहू असं होतं मला. डोंगरावर झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ ही जैनांची जुनी ठिकाणं आहेत, लांबलांबनं लोक येतात. पण माझ्यासाठी कुंडल म्हंजे प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ ह्या काळात ह्या गावांत इंग्रजांचं राज्य नावापुरतं उरलं होतं. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. हा बराचसा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, सांगली जिल्हा वेगळा झाला तो १९४९ मध्ये आणि तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे इंग्रजांच्या पोलिसांना तिथं सहजासहजी हात घालता येत नव्हता, म्हणून भूमिगतांना तिथं आसरा मिळायचा. प्रतिसरकारचं लढाऊ दल, तुफान सेना, ती इथलीच. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवून खजिना काढून घेतला तो ह्याच लोकांनी, आणि आपण सायकलवरनं जी रेल्वेलाईन डाव्या उजव्या हाताला बघत जातो तीच ती लाईन.

शाळेत हे दोन ओळीत संपवलं होतं. मला ते खरं कळलं कुंडलमध्ये चहाच्या टपरीवर. तिथं एक नव्वदीच्या आजी बसल्या होत्या, आम्हाला बघून म्हणाल्या, "बायकाच आलाय व्हय गं सायकलीवरनं?" मग बोलणं निघालं. लहान असताना त्या भाकरीचं गाठोडं उसाच्या फडात ठेवून यायच्या, कुणासाठी ते घरात सांगायचे नाहीत आणि ह्यांनी विचारायचं नाही, संध्याकाळी नुसतं फडकं परत आणायचं. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील स्वतः ह्या कामात होत्या, त्या २०२१ मध्ये गेल्या. ह्या आजींसारख्या किती जणी असतील ज्यांचं नाव कुठंच नाही. गाडीतनं गेलो असतो तर त्या आजी भेटल्याच नसत्या. सायकल टेकवून टपरीवर बसलं की माणसं आपणहून बोलतात, गाडीतनं उतरलेल्या माणसाशी तसं बोलत नाहीत, हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे.

कुंडलहून पुढं सागरेश्वर. तिथं थोडा चढ आहे, आम्ही उतरून ढकलत जातो. पावणेअकरा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे, आधी ते उघडे बोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी झाडं लावली, १९८५ मध्ये अभयारण्य झालं, हरणं वाढली. खाली सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा समूह आहे, दगडी, शांत, श्रावण सोडला तर गर्दी नसते. आणि तिथनं जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १२ मार्च १९१३ ला ज्या घरात ते जन्मले ते आजोळचं घर जपून ठेवलंय, इतकं साधं घर आहे की आत गेल्यावर आपण आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. माझ्या सायकलच्या मीटरवर इथपर्यंत पंचेचाळीसच्या आसपास किलोमीटर होतात.

साताऱ्याकडं कास आहे, यवतेश्वरचा घाट आहे, तिकडं सायकलवाल्यांची गर्दी असते आणि असावीच. पण घाट चढणं प्रत्येकाला जमत नाही. आपला हा रस्ता बराचसा सपाट आहे, माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या बाईला जमतो, दहा वर्षांच्या पोराला जमतो, रिटायर झालेल्या माणसाला जमतो. ही ह्या रस्त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता अडचण सांगते. गेल्या जानेवारीत, सकाळी सातच्या सुमारास, मी बाजूनंच चालले होते, मागनं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला, आवाज ऐकून मी आणखी कडेला घेतली आणि डांबर संपतं तिथं एकदम वीतभर खाली. साईडपट्टी अशी नव्हतीच, वाहून गेलेली. चाक घसरलं, मी पडले, मनगट मोडलं. दीड महिना मशीन बंद, लग्नसराईतल्या ऑर्डरी परत द्यायला लागल्या. ट्रॅक्टरवाल्याची चूक नाही, तो बिचारा थांबला, पाणी दिलं, मला त्याच्याच गाडीवर बसवून दवाखान्यापर्यंत सोडलं. चूक त्या रस्त्याच्या कडेची आहे. बरं वाटल्यावर ज्यांच्याकडं रस्त्याचं काम आहे त्यांना मी लेखी अर्ज दिला, फोटो जोडले, पोच घेतली. दोनदा जाऊन आले, दुसऱ्या वेळी "मॅडम, सायकलसाठी वेगळा फंड नसतो" असं उत्तर मिळालं. अहो पण साईडपट्टी सायकलसाठी नसतेच, ती रस्त्यासाठी असते! तिच्यावरनं शाळेची पोरं चालतात, दुधाचे कॅन घेऊन म्हातारी माणसं जातात, उसतोड कामगारांच्या बैलगाड्या जातात. उसाच्या सीझनमध्ये रात्री अपरात्री बंद पडलेली ट्रॉली ज्या जागी उभी करायची ती जागाही तीच.

त्यामुळं माझं मागणं फार नाही. कोट्यवधीचा ट्रॅक नको, लाल रंग मारलेला पट्टा तर नकोच, तो दोन पावसाळ्यात उडतो. फक्त कर्नाळ ते देवराष्ट्रे साईडपट्टी मुरूम टाकून, रोलर फिरवून डांबराच्या लेव्हलला आणून द्या. दुसरं, फाट्याफाट्यावर पाट्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, ठिकाणाचं नाव, अंतर आणि दोन ओळी माहिती. तिसरं मी बाई म्हणून सांगते, भिलवडी सोडल्यावर कुंडलपर्यंत बायकांना जायला नीट जागा नाही, म्हणून आम्ही पाणी कमी पितो आणि मग डोकं दुखतं, आणि ह्या एका कारणानं आमच्याबरोबर येणाऱ्या दोघींनी येणं बंद केलं. ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा देवळाच्या बाजूला जे शौचालय बांधलेलं असतं त्याचं कुलूप रविवारी सकाळी उघडं राहिलं तरी पुरे. सीझनमध्ये ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावायचं साखर कारखान्यांनी मनावर घेतलं तर सायकलवाल्यांचेच नाही, मोटरसायकलवाल्यांचेसुद्धा जीव वाचतील.

आणखी एक राहिलं. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातनं निघालेला इंग्रजांच्या काळातला कृष्णा कालवा ह्याच भागातनं येतो. पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता काही ठिकाणी इतका चांगला आहे की पलूसच्या बाजूला आम्ही मुद्दाम तिकडनं जातो, गाडी नाही, धूर नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधावरची झाडं. बाभळीच्या काट्यानं पंक्चर होतं हे खरं, सोल्युशन आणि हातपंप जवळ ठेवायचा. पण हल्ली काही ठिकाणी त्या रस्त्यावर राडारोडा आणून टाकलाय, काही ठिकाणी खड्डे काढून वाट अडवलीय. ती वाट मोकळी ठेवायला तर पैसेसुद्धा लागत नाहीत.

ऊस संपला की एप्रिल मे मध्ये ट्रॉल्या बंद असतात, मुरूम टाकायचं काम तेव्हाच होऊ शकतं, पाऊस लागल्यावर नाही. तुमच्या पेपरातनं हे छापून आलं तर निदान फाईल वर येईल. पत्रकार मंडळींपैकी कुणाला स्वतः बघायचं असेल तर आम्ही दर रविवारी पहाटे साडेपाचला कर्नाळ रोडला असतो, सायकल नसली तर एक जास्तीची आहे आमच्याकडं.

आपली नम्र,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली