नाताळाआधी समेट करून घ्या

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना प्रभू येशूमध्ये सलाम.

२५ डिसेंबरच्या उपासनेत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, आहे. त्याआधी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे स्वतः जा. फोन केला तरी चालेल, पण त्याने आधी यावे अशी वाट पाहू नका. बायबलमधील मत्तय ५:२३-२४ जरूर वाचा: अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने तर येशूला भेटल्यावर फसवून घेतलेले चौपट परत करायचे कबूल केले (लूक १९). कोणाचे देणे आपल्याकडे अडकले असेल तर तेही देऊन टाका. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळते, आपल्या पुण्याईने नाही. मग क्षमा मागायला लाज कसली?

मन फार जड असेल त्यांनी पाळकांना एकांतात भेटावे.