छत कापणार नाही

नागपूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आत झोपून-राहून फिरता यावं म्हणून तू बदलायला दिलेली तुझी गाडी अंगणात उभी आहे. मी दिवसभर तिच्यातच असतो. काल तुझी आई जेवणाचं ताट तिथंच घेऊन आली. म्हणाली, "काहून जी, इथंच बिऱ्हाड थाटता का?"

आधी भांडणाचं. तू म्हणतेस ते छत कापून वर उचलायचं काम मी करणार नाही. हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत जन्मभर बॉड्या बांधल्या, म्हणून सांगतो. छत म्हणजे डब्याचं झाकण नाही. दोन्ही बाजूंचे खांब तेच धरून ठेवतं, गाडी उलटली तर आतल्यांना तेच वाचवतं. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, मुळातच उंच, त्यात डोक्यावर वजन चढवलं की वळणावर झुलणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीच्या मूळ ढाच्यात परस्पर बदल चालत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला तपासणी. उभं राहून कपडे बदलायची हौस लॉजवर भागव. तपासणीला काढता यावा म्हणूनच पलंगही बोल्टवर बसवतोय. चार बोल्ट सोडले की अख्खा बाहेर.

चटई उचलली तर खाली गंज. वायरब्रशने घासून प्रायमर मारला, दोन दिवस त्यातच गेले. तू 18 मिलिमीटरचा प्लाय सांगितला होतास. आठ बाय चारचं एक शीट पस्तीस किलोच्या घरात जातं गं! मी 9 चा घेतला आणि इतवारीतल्या लोहा ओळीतून अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप आणले. पाण्याची टाकी 40 लिटरची, म्हणजे 40 किलो. ती मागच्या अॅक्सलच्या थोडी पुढे, खाली ठेवली.

पत्र्याला आतून थर्मोकोल नको. फटी राहतात, थंडीत श्वासाची वाफ मागच्या गार पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि गंज पुन्हा सुरू. एसीच्या डक्टला लावतात तो नायट्राइल रबरचा फोम घट्ट चिकटवतोय. पण मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत फोम ऊन अडवत नाही, उशिरा आत सोडतो, एवढंच. म्हणून मागे 12 व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा, समोर उघडी खिडकी.

बॅटरी 100 अॅम्पिअर-तासाची, लिथियम आयर्न फॉस्फेटची, सीटखाली. हिमाचलातल्या थंड स्पितीला नेशील तेव्हा ध्यानात ठेव: बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली गेलं असेल तर चार्जिंग करायचं नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लसच्या वायरवर घातलाय. त्याला हात लावू नकोस. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच भोक ठेवलंय. त्यावर सामान रचलंस तर माझी मेहनत वाया. आत शेगडी पेटवून, खिडक्या लावून झोपायचं तर नावच काढू नकोस.

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून पळवू नको, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, ट्रान्सफर केस, बोंबलेल.

आईने सावजी मसाल्याच्या डब्यासाठी खाच मागितली आहे. डबा मोजला, साडेपाच इंच. ती खाच पलंगाच्या पायथ्याशी येते, म्हणून तुझी उंची नीट मोजून कळव. मी पाच फूट चार इंच धरतोय, तुझी आई पाच फूट पाच इंच म्हणते.

तुझा
बाबा